कमेलियातली दुसरी बाई

‘व्हेन द कमेलिया ब्लूम्स’ या कोरियन मालिकेत खून कुणी केला, हा प्रश्न तसा उशिरा येतो. त्याआधी दुसराच प्रश्न येऊन बसतो: मेलं कोण?

पहिल्याच भागात पाण्याच्या काठी एका बाईचं प्रेत सापडतं. पोलिसांची गर्दी, टॉर्चचे झोत, पांढरी चादर. चादरीतून बाहेर आलेल्या हाताच्या मनगटात एक ब्रेसलेट आहे. ते पाहून योंगशिक नावाचा पोलीस शिपाई जागच्या जागी थिजतो. एवढं दाखवून कथा मागं जाते, एक सुंदर बाई आपल्या लहान मुलाचा हात धरून ओंगसान नावाच्या गावात उतरते त्या दिवसाकडे. तिच्याकडे बघतानाच आपल्या पोटात गोळा येतो. पुढचे कितीतरी तास आपण प्रेमकथा पाहतो, हसतो, गावातल्या बायकांची भांडणं ऐकतो, आणि मनात एकच धास्ती असते की हिचं काही बरंवाईट होणार.

रहस्य फोडल्याशिवाय मला या मालिकेबद्दल बोलता येणार नाही. ज्यांना आधी पाहायची आहे त्यांनी पाहून यावं. नेटफ्लिक्सवर वीस भाग आहेत. कोरियात २०१९च्या १८ सप्टेंबरपासून २१ नोव्हेंबरपर्यंत दर बुधवारी आणि गुरुवारी रात्री केबीएस २ या वाहिनीवर त्यांचे चाळीस अर्धे भाग लागत. तिथल्या मोठ्या वाहिन्यांना तेव्हा कार्यक्रमाच्या मध्ये जाहिरात घालायला परवानगी नव्हती, म्हणून त्यांनी एका भागाचे दोन भाग करून मधल्या फटीत जाहिराती बसवायची युक्ती काढली होती. त्यामुळे प्रत्येक भागाच्या मध्यावरही कथा एका धक्क्यावर थांबते. आपण सलग पाहतो तेव्हा हे सांधे लक्षात येत नाहीत, पण उत्कंठा अशी दर अर्ध्या तासाला का उसळते त्याचं उत्तर तिथे आहे. सहासात टक्क्यांवर सुरू झालेली ही मालिका शेवटच्या दिवशी २३.८ टक्के घरांपर्यंत पोहोचली. पुढच्या वर्षी बेकसांग या कोरियातल्या मानाच्या पुरस्कारांत दूरचित्रवाणीचा सर्वोच्च सन्मान तिला मिळाला, पटकथेचा पुरस्कारही मिळाला. लेखिका इम सांगचुन या टोपणनावानं लिहितात आणि लोकांसमोर येत नाहीत. दिग्दर्शक छा यंगहुन.

ती बाई म्हणजे दोंगबेक. दोंगबेक हे कमेलियाच्या फुलाचं कोरियन नाव. ही अनाथालयात वाढलेली, लग्न न करता आई झालेली, आणि गावात येऊन तिनं काय काढलं तर दारूचा गुत्ता, नाव ‘कमेलिया’. गुत्ता म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे येतं तसं हे नाही. लहानशी, नीटनेटकी खाणावळ आहे, तिथे दारू मिळते आणि दारूबरोबर तव्यावरचं झणझणीत डुकराचं मटण. बाकी सगळ्या गल्लीत खेकड्यांची हॉटेलं. सोया सॉसमध्ये मुरवलेले कच्चे खेकडे ही ओंगसानची ख्याती, आणि त्या हॉटेलांच्या मालकिणी सगळ्या बायका. नवरे तिथे नावापुरते. गल्ली बायकांच्या ताब्यात असूनही या एका बाईला तिथे जागा नाही. तिच्याकडे आपले नवरे जातात म्हणून राग, ती दिसायला चांगली म्हणून राग, भाजी घेताना तिला दर वेगळा. सहा वर्षं ती मान खाली घालून, तोंडातल्या तोंडात बोलत, गल्ली ओलांडत राहते.

ओंगसान हे गाव नकाशावर नाही. चित्रीकरण झालं दक्षिण कोरियाच्या पूर्व किनाऱ्यावर, पोहांग शहरातल्या गुर्योंगपो या बंदरात. जपानी राजवटीच्या काळात तिथे जपानी कोळी येऊन राहिले होते, त्यांच्या लाकडी घरांची एक गल्ली अजून उभी आहे. मालिकेतली खेकड्यांची गल्ली ती. गल्लीतून एक दगडी जिना टेकडीवरच्या बागेत जातो आणि त्या जिन्यावर बसलेली दोंगबेक मालिकेच्या जाहिरातीत दिसते. गंमत अशी की पात्रांच्या तोंडी बोली आहे ती देशाच्या पश्चिमेकडच्या छुंगछंग प्रांताची, ताणून, हेल काढून, शेवटी ‘यू’ लावून बोलायची. म्हणजे रस्ते एका किनाऱ्याचे आणि जीभ दुसऱ्या किनाऱ्याची. कोरियन प्रेक्षकाला हे लगेच कळत असणार. मला कळायला वेळ लागला, पण कळल्यावर बरं वाटलं. असं गाव कुठल्याच एका ठिकाणचं नाही, म्हणून ते कुणालाही आपलंच वाटू शकतं.

मला तर ते फार ओळखीचं वाटलं. मी तालुक्याच्या गावात वाढले. आमच्या आळीत नवऱ्यानं टाकलेली एक बाई डबे करून द्यायची. तिच्या हातची आमटी सगळ्यांना हवी असायची, पण हळदीकुंकवाला तिला बोलावताना घरोघरी आधी चर्चा व्हायची. तिच्या दारात सायकल कुणाची उभी होती, किती वेळ होती, हे आळीला पाठ असायचं. कुणी तिला कधी मारलं नाही, शिवी दिली नाही. नुसते डोळे तिच्यावर असायचे. त्या डोळ्यांचं ओझं किती असतं हे मला तेव्हा समजायचं वय नव्हतं. दोंगबेक गल्लीतून चालत जाते आणि दोन्ही बाजूंच्या बायका भांडी घासता घासता थांबतात, त्या दृश्यात मला आमची आळी दिसली.

कोरियात हा काळ फार मागचाही नाही. घराचा कर्ता पुरुषच असतो असं कायद्यानं मानणारी ‘होजू’ पद्धत तिथे २००५ साली घटना न्यायालयानं घटनाविरोधी ठरवली आणि १ जानेवारी २००८ पासून ती गेली. कायदा गेला म्हणून बायकांच्या नजरा एका रात्रीत बदलत नाहीत. दोंगबेकचा मुलगा फिलगू आठ वर्षांचा आहे आणि आईकडे कोण कसं बघतं ते त्याला बरोबर कळतं. तो आईच्या पुढे उभा राहून मोठ्या माणसांशी भांडतो. हे काम केलं आहे किम कांगहुन या मुलानं. रडताना त्याचा चेहरा असा काही वेडावाकडा होतो की अभिनय बघतोय हे विसरायला होतं.

आता योंगशिक. सेऊलमध्ये संशयिताला पत्रकारांच्या कॅमेऱ्यांसमोरच मारल्यामुळे गावाकडे परत पाठवलेला शिपाई, खेकड्यांच्या गल्लीतल्या दॉकसून मावशींचा धाकटा. मावशींनी एकटीनं तीन मुलगे वाढवले. दोंगबेकला तो पहिल्यांदा पुस्तकांच्या दुकानात बघतो आणि त्याच क्षणी त्याचं ठरतं. कोरियन मालिकांतले नायक बरेचदा श्रीमंत, अबोल, आतून दुखावलेले असतात आणि नायिका त्यांना हळूहळू उलगडते. हा तसा मुळीच नाही. याच्या मनात आलं की तोंडात. कांग हानल हा नट लष्कराची सक्तीची नोकरी संपवून नुकताच परतला होता आणि ही त्याची परतल्यानंतरची पहिली मालिका. त्यानं हा माणूस इतका उघडा, इतका ताजा केला आहे की सुरुवातीला दोंगबेकसारखीच आपल्यालाही त्याची भीती वाटते. एवढं सरळ कुणी असतं का?

त्याच्या प्रेमाचं मुख्य काम म्हणजे तिला तिची खरी गोष्ट सांगणं. ती म्हणते मी अनाथ, मी कुमारी माता, माझं नशीबच फुटकं. तो म्हणतो, अनाथ असून तुम्ही मुलाला असं वाढवलंत, स्वतःचं दुकान उभं केलंत, कुणाला दोष दिला नाहीत, कुणाशी वाईट वागला नाहीत. सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवायला हव्यात, या गावात सगळ्यांत ताकदवान, सगळ्यांत थोर तुम्ही आहात. हे ऐकून ती रडते. असं कुणी तिला जन्मात म्हटलेलं नाही. एका प्रसंगात ती सांगते की तिला रेल्वे स्टेशनवरच्या हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत नोकरी हवी होती. का? तिथे बसणाऱ्या माणसाला दिवसभर लोक ‘धन्यवाद’ म्हणत असतात, म्हणून. माझ्या मते सगळ्या मालिकेतला सर्वांत चांगला लिहिलेला प्रसंग हा. एका माणसाला आयुष्यात काय मिळालं नाही, ते इतक्या साध्या इच्छेतून कळावं!

पण तो तिला वाचवतो म्हणून ती धीट होते, असं लेखिकेनं होऊ दिलेलं नाही. धीट ती आधीपासून आहे. ग्यूते नावाचा घरमालक रोज येऊन फुकट शेंगदाणे मागतो, तिचा हात धरू बघतो. ती मान खालीच ठेवून, अडखळत, पण स्पष्ट सांगते की इथल्या पदार्थांच्या किमतीत माझ्या मनगटाची आणि हसण्याची किंमत धरलेली नाही. इथे फक्त दारू मिळते. ग्यूते जे जे घाणेरडं बोलला ते तारखेसकट तिनं वहीत लिहून ठेवलेलं असतं, आणि एके दिवशी ती वही घेऊन ती पोलीस चौकीत जाते. ती वही मला फार आवडली. वर्षानुवर्षं गप्प राहिलेली बाई काय करत होती? टिपून ठेवत होती.

याच गावात काही वर्षांपूर्वी एकामागून एक खून झाले होते. खुनी प्रत्येक ठिकाणी चिठ्ठी सोडायचा, जास्त शहाणपणा करू नका अशा अर्थाची. म्हणून लोकांनी त्यातल्याच शब्दावरून त्याचं नाव क्काबुरी ठेवलं. इंग्रजी उपशीर्षकांत तो ‘जोकर’ आहे, तेच मी वापरते. त्याच्या तावडीतून जिवंत सुटलेली एकच बाई, दोंगबेक. तिनं त्याला पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे. बरीच वर्षं शांत राहिल्यावर तो एक दिवस तिच्याच गुत्त्याच्या भिंतीवर लिहून जातो: तेव्हापासून आजपर्यंत मी रोज तुझ्यावर नजर ठेवून आहे.

इथे मी मालिका थांबवून जरा वेळ बसून राहिले. कारण हे वाक्य त्या गल्लीतल्या कुठल्याही बाईनं म्हटलं असतं तरी खोटं ठरलं नसतं. सगळेच तिच्यावर नजर ठेवून होते. खुन्यानं काही नवं केलं नव्हतं. गावाच्या नजरांत त्याची नजर मिसळून गेली होती, म्हणून इतकी वर्षं ती कुणाला दिसली नाही. प्रेमकथा आणि रहस्यकथा एकत्र बांधणाऱ्या कोरियन मालिका पुष्कळ आहेत. बहुतेक ठिकाणी प्रेम एका रुळावर आणि खून दुसऱ्या रुळावर चालतो, आणि शेवटी नायक धावत येऊन दोन्ही जुळवतो. इथे दोन्हींचं मूळ एकच आहे: एकट्या बाईकडे गाव कसं बघतं. योंगशिकचं बघणं, गल्लीचं बघणं आणि खुन्याचं बघणं, ही तिन्ही एकाच बाईवर येऊन पडतात.

पण मला बोलायचं आहे ते दुसऱ्याच बाईबद्दल.

कमेलियात एक मदतनीस आहे, ह्यांगमी. सोन दामबीनं तिचं काम केलं आहे. ह्यांगमी गुत्त्याच्या कोपऱ्यात बसून नखं रंगवते, गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवते, हळू आवाजात, चेहऱ्यावर काहीही न आणता असं एखादं वाक्य टाकते की समोरच्याचं गुपित उघडं पडावं. वस्तू उचलायची तिला सवय आहे. ग्यूतेबरोबर फिरते आणि मग त्याच्याच बायकोला सांगेन म्हणून त्याच्याकडे पैसे मागते. फिलगूचा बाप प्रसिद्ध बेसबॉल खेळाडू आहे हे तिला समजतं, तर ती त्यालाही सोडत नाही. तिला पैसे जमवून कोपनहेगनला जायचं आहे. सुरुवातीचे कितीतरी भाग आपण तिला खट्याळ, थोडी धोकादायक, तोंडी लावण्यापुरतं पात्र म्हणून बघतो. तिच्यावर संशय घेतो. ती दोंगबेकचा घात करील अशी भीती वाटत राहते.

काठावरचं प्रेत ह्यांगमीचं असतं.

हे कळतं तेव्हा आपल्याला पहिल्यांदा काय वाटतं? सुटलो वाटतं. नायिका वाचली. इतके तास धरून ठेवलेला श्वास सुटतो. आणि ज्या क्षणी तो सुटतो त्याच क्षणी लेखिका आपल्याला ह्यांगमीचं आयुष्य दाखवायला लागते. तिचं खरं नाव च्वे गोऊन. तिच्या आईचा दारूचा गुत्ता होता, त्याला नाव होतं ‘विसरू नकोस मला’ या अर्थाच्या एका निळ्या फुलाचं. शाळेत पोरं त्यावरून चिडवायची. ती वर्षानुवर्षं पैसे पाठवत होती ते धाकट्या भावाला. कोपनहेगनला राहतो तो तिचा भाऊ. तिच्या पैशांवर शिकून, संसार थाटून तो स्थिरावला आणि आता बहिणीनं येऊ नये असं त्याला वाटतं, कारण ती जे करत आली त्याची त्याला लाज वाटते. तिनं ज्यांना ज्यांना धमकावलं, ते सगळे पैसे त्या एका विमानाच्या तिकिटासाठी होते.

मरायच्या थोडं आधी ती दोंगबेकला म्हणते, आई, भाऊ, सगळे आपापल्या वाटा शोधताना मला विसरले तरी तू एकटीनं मला लक्षात ठेव, म्हणजे मीही या जगात राहून गेले असं मला वाटेल. हे ती नेहमीच्याच थंड, आळसावलेल्या सुरात म्हणते. सोन दामबी हे वाक्य डोळे न भिजवता म्हणते, आणि म्हणूनच ते सहन होत नाही.

त्या रात्री गुत्त्यात पार्सलची मागणी आलेली असते. जायचं असतं दोंगबेकनं. ह्यांगमी म्हणते, मी जाते. दोंगबेकची स्कूटर, दोंगबेकची वाट, दोंगबेकचं मरण.

कित्येक रहस्यकथांमध्ये बाईचं प्रेत हे फक्त कथेला धक्का द्यायला असतं. ती कोण होती हे शोधपथकाला हवं तेवढंच आपल्याला कळतं. इथे लेखिकेनं उलटं केलं. प्रेत आधी दाखवलं, त्याला नाव दिलं नाही, आणि आपल्याला निवडू दिलं की कुणाची काळजी करायची. आपण सगळ्यांनी एकच निवडली. जिची नाही केली ती गेली. माझ्या माहितीत एवढी क्रूर आणि एवढी न्याय्य रचना दुसऱ्या कुठल्या मालिकेत नाही.

चौकशीत ग्यूते पकडला जातो. त्याची बायको जायंग घटस्फोटांचे खटले लढवणारी वकील. या नवऱ्याला ती सोडायला निघालेली असते, आणि तरी पोलीस ठाण्यात येऊन उभी राहते ती त्याची वकील म्हणून. यम हेरान आणि ओ जंगसे यांनी हे जोडपं असं रंगवलं आहे की त्यांच्यावर वेगळा लेख लिहावा लागेल. ओ जंगसेला त्यासाठी बेकसांगचा सहायक अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. ज्या माणसाचा पहिल्या भागात तिरस्कार वाटला त्याच्याबद्दल शेवटी माया वाटते, आणि त्यासाठी त्याला कुठेही स्वच्छ धुऊन काढलेलं नाही.

खेळाडू आणि त्याची समाजमाध्यमांवर मिरवणारी बायको यांचा धागा मात्र मला शेवटपर्यंत सैल वाटला. त्यावर जास्त बोलण्यासारखं नाही.

आयांबद्दल बोलायला हवं. दोंगबेकची आई तिला सात वर्षांची असताना अनाथालयात सोडून गेली. आता परत येते ती विसरभोळेपणाचं सोंग घेऊन, आणि पुढे उघड होतं की तिची मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. सगळ्यांना वाटतं ती मुलीचं मूत्रपिंड मागायला आली. ती आलेली असते आपल्या विम्याचे पैसे मुलीला मिळावेत म्हणून. हे काम ई जंगउन यांचं. प्रत्यक्षात त्या नायिका झालेल्या गोंग ह्योजिनपेक्षा जेमतेम दहा वर्षांनी मोठ्या आहेत. हे कळल्यावर मी ते प्रसंग पुन्हा पाहिले. चालण्यात, बसण्यात, चमचा धरण्यात त्यांनी वय आणलं आहे. मुलीला लिहिलेल्या पत्रात ही आई म्हणते, टाकून दिलेली सात वर्षांची मुलगी होऊन राहू नकोस. आपण एकत्र राहिलो तेवढी सात वर्षं तीन महिनेच नाही, चौतीसही वर्षं एक दिवस न चुकता मी तुझ्यावर माया केली.

आणि योंगशिकची आई, दॉकसून मावशी. सगळं गाव दोंगबेकला टाळत होतं तेव्हा एकट्या मावशी तिच्या मैत्रीण होत्या. त्यांनीच तिला धीर दिला, खाऊ घातलं. पण आपला मुलगा तिच्याशी लग्न करायचं म्हणतो तेव्हा त्याच मावशी आडव्या येतात. को दूशिम यांनी हा ताण असा दाखवला आहे की मावशींवर चिडताही येत नाही. मैत्रीण म्हणून हवी, सून म्हणून नको: हे वाक्य मराठी घरांत कुणी तोंडावर म्हणत नाही, पण ते नसलेलं घर मला तरी माहीत नाही. मावशींच्या तोंडून निघालेलं एक वाक्य फिलगूच्या जिव्हारी लागतं, आपण आईच्या सुखाच्या आड येतो आहोत असं त्या पोराला वाटतं, आणि तो बापाकडे राहायला जातो. तिथून त्याला परत आणल्यावर दोंगबेक योंगशिकला सोडते. खुनी तिला जे करू शकला नाही ते एका चांगल्या बाईच्या एका वाक्यानं होतं. प्रेमकथेतला खरा अडथळा हा. चाकू कधीच नव्हता.

गल्लीतल्या बायका हळूहळू बदलतात. खुनी परत आला आहे आणि या वेळी आपल्या गल्लीतल्या बाईवर डोळा आहे म्हटल्यावर त्या पाळीपाळीनं कमेलियात येऊन बसायला लागतात. भांडतात तशाच, टोमणेही मारतात, पण तिला एकटं सोडत नाहीत. कालपर्यंत तिच्यावर ठेवलेली नजर आता तिच्यासाठी ठेवलेली असते. काहींना हा बदल फार पटकन झाला असं वाटतं. मला तो खरा वाटला. अशा बायका मी पाहिल्या आहेत. वर्षभर जिच्याबद्दल वाईट बोलल्या तिचं मूल आजारी पडलं तर रात्री दोन वाजता पदर खोचून पळणाऱ्या. त्यांनी माफी मागितली नाही, कधी मागणारही नाहीत.

खुनी निघतो हुंगशिक, हार्डवेअरच्या दुकानातला पोरगा. गावाचे दिवे, नळ, कॅमेरे दुरुस्त करणारा, प्रत्येक घराच्या आत गेलेला, आणि कुणीही नीट न पाहिलेला. कमेलियाचा कॅमेरा बसवणाराही तोच. आधी त्याचा बाप पकडला जातो. मुलाचा गुन्हा बाप स्वतःच्या अंगावर घेतो. इथेही आईबापांचीच गोष्ट आहे, फक्त तिची दुसरी बाजू. लोक आपल्याला कमी लेखतात, दया दाखवतात, ही हुंगशिकची जळजळ. त्याच गावात, त्याच नजरांखाली दोंगबेकही राहत होती. तिला तर जास्त सोसावं लागलं. ती रोज सकाळी दुकान उघडत राहिली. लेखिका दोघांची तुलना कुठेही बोलून दाखवत नाही. दोघांना एकाच टेबलाशी बसवते आणि आपल्यावर सोडते.

त्याच टेबलाशी त्याचा खोकला ऐकून दोंगबेकला सगळं उमगतं. जुन्या खुनाच्या जागी ऐकलेला तो खोकला. योंगशिक तिथे नसतो. समोर असतो तो बियरचा जाड काचेचा मोठा मग, ह्यांगमी वापरायची तो. दोंगबेक तो मग उचलून त्याच्या डोक्यात घालते. मागोमाग गल्लीतल्या बायका तुटून पडतात. पोलीस नायक पोहोचतो तेव्हा काम झालेलं असतं. एवढी प्रेमकथा लिहून शेवटी नायकाला उशिरा आणायचं धाडस लेखिकेनं केलं, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

शेवटच्या भागात दोंगबेकच्या आईला वाचवायला सगळं गाव कामाला लागतं. कुणी चांगली रुग्णवाहिका मिळवतं, कुणी डॉक्टरांपर्यंत पोहोचतं, कुणी रस्ता मोकळा करून देतं. ज्याच्या हातात जेवढं आहे तेवढं तो लावतो. जोकर योंगशिकला बजावतो की माझ्यासारखे पुन्हा पुन्हा येत राहतील. योंगशिक उत्तर देतो की तुमच्यासारखा शंभरात एखादा पोचट दाणा निघतो, पण भल्या माणसांच्या मागे आणखी भली माणसं उभी राहतच जातात. तुम्ही कितीही उड्या मारा, संख्येत आम्हाला हरवू शकणार नाही. हे वाक्य कोरियात खूप गाजलं, आणि गाजायलाच हवं होतं. मी ते ऐकलं तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला.

तरी मला त्यात एक गोष्ट टोचते, आणि मला वाटतं लेखिकेला ती टोचावी असंच वाटत असावं. ही संख्या ह्यांगमीच्या वेळीही गावात होती. हीच गल्ली, हेच लोक, हेच योंगशिक आणि मावशी. त्या रात्री ती स्कूटरवरून निघाली तेव्हा तिच्या मागे गाड्या होत्याही. ग्यूतेची होती, त्याच्या बायकोची होती. कुणाला तिचं तोंड बंद करायचं होतं, कुणाला तिला जाब विचारायचा होता. तिला सुखरूप परत आणायला निघालेलं त्यांत कुणीच नव्हतं. दोंगबेक चांगली होती, कष्टाळू होती, आई होती. तिच्यासाठी गावाला उभं राहता आलं. ह्यांगमी चोरी करायची, नवऱ्यांना नादी लावायची, खोटं बोलायची. तिच्या मागे उभं राहिलेलं माणूस एकच होतं, तेही जिच्याकडे तिनं चोरी केली ते. सगळं माहीत असूनही दोंगबेकनं तिला परत कामावर घेतलं होतं आणि जेवायला वाढलं होतं.